कासरा हातात ठेवून

गेल्या वर्षी सप्टेंबरात माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नागपुरात झाली आणि डॉक्टरांनी त्याला तीन महिने गाडी चालवायला मनाई केली. त्याची जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी, उंच ऑटोमॅटिक एसयूव्ही त्यामुळे माझ्या हाती आली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी सोयाबीन काढणीला येत होते, आई एकटी होती आणि मला आठवड्यातून एकदा तरी जाणे भाग होते. चावी हातात देताना भावाने एवढेच सांगितले, "दादा, डावा पाय विसरून जा." मी 1989 साली वडिलांच्या जुन्या जीपवर, आमच्याच वावरात गाडी शिकलो. तेव्हापासून क्लच, गिअर आणि अॅक्सिलरेटर यांचा मेळ माझ्या अंगात इतका मुरला आहे की त्याचा विचार करावा लागत नाही. विचार न करता होणारी गोष्ट विसरायची कशी, हे मात्र भावाने सांगितले नव्हते.

त्याची किंमत दुसऱ्याच फेरीत आईने मोजली. तिला दारव्ह्याला दवाखान्यात दाखवून आम्ही परत येत होतो. ती मागच्या सीटवर बसली होती आणि तिने पट्टा लावलेला नव्हता, कारण मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा असतो हे आमच्या घरात कोणी मनावरच घेतले नव्हते. गावाच्या शाळेसमोर गतिरोधक आला. माझा उजवा पाय ब्रेककडे गेला आणि त्याच क्षणी डावा पाय आपणहून उठून क्लच दाबायला खाली आला. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, पण ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा रुंद असतो आणि डाव्या पायाला तो अलगद सापडतो. क्लच दाबणारा पाय तळापर्यंत जायला शिकलेला असतो, त्याला हळूच दाबणे ठाऊक नसते. सव्वादोन टनांची गाडी जागच्या जागी थांबली आणि आईचे कपाळ समोरच्या सीटच्या पाठीवर आदळले.

"लागलं नाई रे जास्त," ती म्हणाली. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले होते. मी चारही इंडिकेटर लावून गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. मागून एखादा ट्रॅक्टर येत असता तर काय झाले असते, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनातून गेला नाही.

2022च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या, तरी मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते आणि ते दोघेही वाचले नाहीत. ही बातमी मी वाचली होती, तिच्यावर चहा घेताना बोललोही होतो, आणि तरीही आईला पट्टा लावायला सांगितले नव्हते. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीने काम करते, त्याच्या ऐवजी नव्हे. पट्टा नसेल तर माणूस फुगणाऱ्या पिशवीवर चुकीच्या वेळी आणि चुकीच्या अंतरावर जाऊन आदळतो. चालकानेसुद्धा छाती आणि स्टिअरिंग यांच्यात वीतभराहून अधिक, साधारण 25 सेंटिमीटर अंतर राहील अशी सीट लावावी, ती याच कारणाने.

त्या दिवसानंतर मी गाडी पहिल्यापासून शिकायची ठरवले. गावी असताना रोज सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या खळ्यावर ती न्यायची आणि अर्धा तास फक्त सुरू करणे, हलवणे, थांबवणे आणि बंद करणे एवढेच करायचे. डावा पाय पेडलांच्या डावीकडे असलेल्या पायटेकूवर ठेवायचा आणि गाडी बंद होईपर्यंत तिथून उचलायचा नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर जमिनीला टेकवायची आणि अॅक्सिलरेटरकडे फक्त चवडा वळवायचा. टाच ब्रेकसमोर असली की घाबरलेला पाय ब्रेकवरच पडतो. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला गेल्याने भिंतीत, दुकानात घुसलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या पुष्कळ वेळी चालकाचा पाय कुठे आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते, आणि गाडी थांबत नाही म्हणून तो तोच पेडल आणखी जोराने दाबत राहतो.

सुरू करणे म्हणाल तर ते सोपे आहे. चावी खिशात असली तरी चालते, ब्रेक घट्ट दाबायचा आणि बटण दाबायचे. ब्रेक न दाबता बटण दाबले तर नुसते दिवे आणि पडदे उजळतात, इंजिन सुरू होत नाही. पहिल्या दिवशी सालदाराच्या मुलाने गाडीत बसून चारपाच वेळा ब्रेक दाबला होता. नंतर मी बसलो तर पेडल दगडासारखा कडक लागला आणि गाडी सुरू होईना. बंद इंजिनात ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ संपलेली असते, म्हणून तो कडक होतो. अशा वेळी पाय सगळा जोर लावून दाबून ठेवायचा आणि मग बटण दाबायचे, बिघाड काही नसतो.

मात्र बसण्याच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, हे मी गावात शिकलो. सावली शोधत कुत्रे गाडीखाली निजते, कोंबड्या चाकाजवळ माती उकरत असतात, आणि उंच बॉनेटपुढे उभे असलेले तीन वर्षांचे मूल चालकाच्या सीटवरून अजिबात दिसत नाही. कॅमेरे आहेत, पण काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यावर चिखलाचा थर बसलेला असतो आणि पडद्यावर नुसते करडे धुके दिसते. मी दारातल्या खणात सुती कापड ठेवतो आणि रिव्हर्स घेण्याआधी उतरून काच पुसतो.

खरी गोष्ट पुढे आहे. ब्रेक दाबून गिअर डीमध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या जागी, टाकला आणि ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपोआप पुढे सरकू लागते, कोणी काही न करता. जीपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, मी आजवर चालवलेल्या प्रत्येक गाडीत माणसाने काही केले तर ती हलत असे, आणि चुकून क्लच सुटला तर आचका देऊन बंद पडत असे. इथे उलटे आहे. डीमध्ये असलेली गाडी जायला निघालेलीच असते आणि तिला उभे ठेवणे हे चालकाचे काम असते. या सरकण्याचे कारण साधे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या ताटल्यांऐवजी तेलाने भरलेले एक भांडे असते आणि त्यात दोन पंखे समोरासमोर असतात. एक पंखा इंजिन फिरवते, तो तेल ढकलतो, आणि ढकललेले तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते, जसा चालू पंखा समोर धरला तर बंद पंख्याची पाती हळूहळू फिरू लागतात. इंजिन नुसते चालू असले तरी ही ढकल चालूच राहते.

आमच्याकडे तीस वर्षे सालदार म्हणून राहिलेले एक वृद्ध गृहस्थ खळ्यावर माझा हा सराव पाहायला येत असत. त्यांना मी काकाजी म्हणतो. त्यांनी कधी मोटार चालवलेली नाही, पण बैलांची जोडी त्यांच्याइतकी कोणाला ऐकत नसे. गाडी आपोआप सरकते हे पाहून त्यांना नवल वाटले नाही. ते म्हणाले, "बैल उभा केला तरी कासरा हातातच ठेवा लागते. त्याले घर आठवलं का तो चालू लागते." मग बंडी उतारावर उभी केली तर काय करता, असे मी विचारले. "चाकाखाली धोंडा. पहिले धोंडा, मंग कासरा सोडाचा."

मला पुस्तिकेच्या शंभर पानांनी जे समजले नव्हते ते या दोन वाक्यांनी समजले. ब्रेकचा पेडल हा कासरा आहे. गाडी थांबली म्हणून तो सोडायचा नाही. पार्किंग ब्रेक हा धोंडा आहे. आणि पी, हा गाडी उभी ठेवण्याचा गिअर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात अडकणारी एक लहानशी लोखंडी खिटी. उतारावर गाडी उभी करताना बहुतेक जण थेट पी लावून पाय उचलतात. मग गाडी इंचभर मागे येऊन खाडकन अडते, म्हणजे सव्वादोन टनांचा भार त्या एका खिटीवर बसतो. योग्य क्रम असा की ब्रेक दाबून पूर्ण थांबायचे, पाय ब्रेकवर ठेवूनच पार्किंग ब्रेक लावायचा, मग पी, मग इंजिन बंद, आणि त्यानंतर पाय उचलायचा. पडद्यावर पी हे अक्षर डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी दार उघडत नाही. दार उघडले तर गाडी स्वतःच पी लावते असे भाऊ सांगतो आणि ते त्याच्या गाडीपुरते खरेही आहे. पण सगळ्या गाड्या तसे करत नाहीत, आणि गाडीने आपली चूक सुधारावी ही सवय उद्या दुसऱ्या गाडीत कोणाच्या तरी अंगावर येते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे शांतता. फाटक किंवा सिग्नलवर थांबले की या गाडीचे इंजिन इंधन वाचवण्यासाठी आपोआप बंद होते. कारंज्याजवळ ट्रॅक्टरांच्या रांगेत मी थांबलो होतो, आतमध्ये श्वास ऐकू येईल इतके शांत होते, आणि पुढे काय झाले ते उतरून पाहावे म्हणून माझा हात पट्ट्याकडे गेला. गाडी डीमध्ये होती. ब्रेक किंचित ढिला होताच इंजिन पुन्हा सुरू झाले आणि मी भानावर आलो. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, ही खूण जुन्या गाड्यांची आहे, या गाडीची नव्हे.

गिअरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे आहे, आणि हे आपल्याकडच्या चालकाने पहिल्या दिवशीच ध्यानात घ्यायला हवे. आपल्या नेहमीच्या गाड्यांत उजवीकडे इंडिकेटर असतो. या गाडीत तो डावीकडे आहे. दारव्ह्याच्या रस्त्यावर डावीकडे वळण्यासाठी मी सवयीने उजवी दांडी वर केली आणि गाडी न्यूट्रलमध्ये गेली. इंजिनाचा आवाज चढला आणि ओढ मात्र नाहीशी झाली. मी अॅक्सिलरेटर सोडला, मागे आरशात पाहिले, दांडी खाली करून पुन्हा डी घेतला. काही बिघडले नाही, कारण रस्ता मोकळा होता. आता उभ्या गाडीत बसून दहा वेळा नुसता इंडिकेटर लावून पाहिल्याशिवाय मी कोणाची गाडी रस्त्यावर काढत नाही.

न्यूट्रल चालत्या गाडीत मुद्दाम घेणारेही पुष्कळ आहेत. उतारावर डिझेल वाचते असा त्यांचा समज असतो. डीमध्ये पाय उचलून उतरताना आजची इंजिने बहुतेक वेळ इंधन घेतच नाहीत, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागते. शिवाय इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना वळणावळणावर जळका वास येतो तो अशाच तापलेल्या ब्रेकचा. तिथे स्टिअरिंगमागच्या डाव्या पट्टीने गिअर तिसऱ्यावर, दुसऱ्यावर आणावा. गाडी इंजिनाच्या बळावर सावकाश उतरते आणि ब्रेक गरजेच्या क्षणासाठी थंड राहतो.

समृद्धी महामार्गाबद्दल मी थोडेच लिहितो, कारण त्यावर गाडी चालवणे अवघड नाही आणि धोका त्या सोपेपणातच आहे. नागपूरपासून मुंबईकडे जाणारा हा 701 किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते, म्हणजे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पन्नास मीटर संपलेले असतात. जुन्या जीपमध्ये ऐंशीचा वेग अंगाला कळत असे, कारण ती खडखडत असे. इथे एकशे वीस हा आकडा फक्त काचेवर दिसतो, अंगाला तो लागत नाही. हातपायांना काम नसते, वळण नसते, डोळा जडावतो. मी दर तासाभराने थांब्यावर उतरतो आणि पाय मोकळे करतो. निघण्याआधी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा तपासतो. उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा कमी हवेचा टायर त्या सिमेंटवर आतून तापून फाटतो. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर या रस्त्यावर नेऊ नये.

कारंज्याला महामार्ग सोडला की आमचा मुलूख सुरू होतो आणि तिथे लक्ष दुसऱ्याच गोष्टींवर ठेवावे लागते. रात्री तुरीच्या वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर येतो. घोड्याएवढे जनावर, दिव्याच्या झोतात थबकते, आणि एक गेला की मागून दुसरा येतो. स्टिअरिंग झटक्याने वळवायचे नाही. उंच गाडीचा तोल वरच्या बाजूला असतो, ती वळणात कलंडू शकते, आणि कडेला नाला किंवा झाड असते. ब्रेक सगळ्या जोराने दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पेडल पायाखाली थरथरतो, ती चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेची थरथर आहे, तिला घाबरून पाय उचलायचा नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या बंड्यांना आणि ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो ना चकाकणारी पट्टी. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आपला प्रखर दिवा गेला तर त्याला त्याच्या पुढची बंडी दिसत नाही, म्हणून मी दिवा वेळेत खाली करतो.

पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला की उंच गाडीवाल्याला सगळे म्हणतात, "तुमची जाते ना." कंपन्या किती खोल पाण्यातून गाडी जाते त्याचा आकडा देतात, पण तो गाडीच्या उंचीचा हिशेब आहे, वाहत्या लोंढ्याचा नाही. दोन फूट वाहते पाणी मोठ्या गाडीलाही तरंगवते, आणि पाण्याखाली रपट्याची कड शाबूत आहे की खचली आहे हे कोणालाच दिसत नसते. सप्टेंबरात अशाच एका नाल्याजवळ मी साडेपाच तास थांबलो होतो.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याही पुस्तिकेने सांगून पटली नसती. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू होती. खळ्याच्या कडेला कुटाराचा, म्हणजे मळणीतल्या भुशाचा, वीतभर थर पसरला होता, वाळलेला, हलका, पिवळा. मऊ जागा पाहून मी गाडी त्यावर घेत होतो तेव्हा काकाजी हात आडवे करून समोर उभे राहिले. खाली वाकून त्यांनी गाडीच्या पोटाखाली हात नेला आणि झटकन मागे घेतला. मीही वाकून पाहिले. धुराड्याच्या नळीला कुटाराच्या दोनचार काड्या चिकटल्या होत्या आणि त्यांची टोके तपकिरी होऊन वळली होती. 2020 पासूनच्या बीएस6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या, डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळते. चालकाला त्याचा पत्ताही नसतो, फारतर इंजिनाचा आवाज थोडा जड होतो. अशी गाडी कुटारावर किंवा पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, उभी करणे म्हणजे गंजीत निखारा ठेवणे. मी गाडी उघड्या मातीवर घेतली. त्या दिवशी आमच्या आणि शेजारच्या वावराची मिळून साठ पोती तिथे पडली होती.

नोव्हेंबरात चावीतला सेल संपला आणि पाठोपाठ गाडीची बॅटरीही उतरली. गावातली आठदहा पोरे मदतीला धावून आली आणि धक्का मारायला मागे उभी राहिली. त्यांना नको म्हणताना मला वाईट वाटले, पण ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण चाके फिरवून इंजिन फिरवता येत नाही. टोचन करून ओढणेही योग्य नाही. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना चाके फिरली की आतले भाग कोरडे घासतात. चारही चाके उचलून नेणारी गाडी बोलवावी, किंवा दुसऱ्या बॅटरीला तारा जोडाव्यात. आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडल्या, आणि सेल संपलेली चावी पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून बटण दाबले.

डिसेंबरात भावाचा गुडघा बरा झाला. गाडी परत करण्याआधीच्या शेवटच्या फेरीत आई पुन्हा मागे बसली होती. मी ब्रेकवर पाय ठेवून आरशात पाहिले. तिने पट्टा ओढून घेतला होता आणि चष्मा कपाळावर सरकवून पट्ट्याची जीभ खोबणीत बसवत होती. दोनदा हुकली, तिसऱ्यांदा टक असा आवाज आला. "चाल," ती म्हणाली.

शाळेसमोरच्या गतिरोधकाच्या अलीकडे पऱ्हाट्यांनी भरलेली एक बंडी रस्ता अडवून चालली होती. मागे जागा ठेवून मी गाडी थांबवली. बंडीवाल्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि घाई करू का, असे हातानेच विचारले. मी काचेतून नको म्हटले. तो पांदणीत वळेपर्यंत, आणि त्याच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत, माझा डावा पाय पायटेकूवर होता आणि उजवा ब्रेकवर.